उसन्या वर्गातली परीक्षा

शाळेत एखाद्या बाई शिंकल्या की बदलीबाईंच्या घरचा फोन वाजायचा. सर्दी असेल तर एखाद्या दिवसाचं काम मिळे, पाय मोडला तर महिना-दीड महिन्याचं, आणि बाळंतपण म्हणजे तर चंगळच. दुसऱ्यांची आजारपणं हाच त्यांचा हंगाम होता, आणि त्या मनातल्या मनात सगळ्यांच्या तब्येतीची माफी मागत कामावर जात.

शाळेतला एकही फळा त्यांच्या हाताबाहेरचा नव्हता. भूगोल शिकवला, भागाकार शिकवला, गायनाच्या बाईंचा घसा बसला तेव्हा स्वतःला सूर नसताना गायनही शिकवलं. पण ‘माझा वर्ग’ म्हणावा असा वर्ग काही त्यांच्या वाट्याला आला नाही. शिक्षकखोलीत त्यांना कपाट नव्हतं, एक खुंटी होती, आणि तिच्यावरही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची तरी छत्री लटकलेली असे. मुलं तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘बदलीबाई’. मुलांचं काय घेऊन बसलात, मुख्याध्यापिकासुद्धा एकदा भर सभेत ‘आपल्या बदलीबाई’ असं बोलून गेल्या आणि मग जीभ चावून घटाघटा पाणी प्यायल्या. बदलीबाईंनी ते हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जास्तच आदळली.

ही शाळा होती ती अशा वस्तीत, जिथे एकाच जिन्यावर चार-चार भाषांत भांडणं होत. कुणी कामासाठी आलेलं, कुणी लग्न होऊन आलेलं, कुणी आधी आलेल्या भावाच्या मागोमाग आलेलं. मुलं घरी एक भाषा बोलत आणि शाळेच्या फाटकातून आत आली की दुसरी. काहींना ही दुसरी भाषा लवकर येई, काही वर्षभर नुसती मान हलवत बसत आणि शहाणी म्हणून नावाजली जात.

अशात मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षी लहान मुलांचा एक नवा वर्ग सुरू होणार. त्यात शाळेची भाषा तर असेलच, पण मुलांच्या घरच्या भाषाही सोबत चालतील. “मात्र हा वर्ग,” त्या म्हणाल्या, “ज्यांच्याकडे द्विभाषिक आणि बहुसांस्कृतिक शिक्षणाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र असेल, त्यांनाच मिळेल. अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, संध्याकाळचा. कोण तयार आहे?”

कायम नोकरीवाल्या बायांनी छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं. बदलीबाईंचा हात वर गेला होता, तो त्यांना स्वतःलाही जरा उशिराच दिसला.

घरी सासूबाईंनी त्या अभ्यासक्रमाचं नाव दोनदा म्हणवून घेतलं. “सूनबाई, हे नाव नीट म्हणता येईपर्यंतच तुझं वर्ष संपेल,” त्या म्हणाल्या. नवरा बस डेपोत होता, वेळापत्रकं आखणं हेच त्याचं काम. त्याने लगेच कागदावर बायकोच्या संध्याकाळच्या तासांचं वेळापत्रक आखलं आणि त्यात स्वतःच्या नावापुढे ‘स्वयंपाक’ असं लिहिलं. त्या वर्षी घरातल्यांनी बरंच करपलेलं खाल्लं, पण कुणी तक्रार केली नाही. सासूबाईंनी केली, पण ती त्यांची रोजचीच होती.

मूल दोन भाषांत विचार कसा करतं, जुन्या शब्दाच्या खांद्यावर नवा शब्द कसा बसवायचा, घरच्या माणसांशी शाळेने कसं बोलावं, असं सगळं बदलीबाई शिकल्या. वयाने निम्म्या असलेल्या पोरांच्या शेजारी बसून त्यांनी निबंध लिहिले, आणि बहुतेक पोरांपेक्षा जास्त मार्क काढले. उरला फक्त प्रात्यक्षिक पाठ. एका तासाचा पाठ, आणि त्यातला किमान अर्धा वेळ मुलांच्या घरच्या भाषांत, घरच्या माणसांना सोबत घेऊन. परीक्षक पाठीमागच्या बाकावर बसून बघणार. पास झाल्या तर नवा वर्ग त्यांचा. नापास झाल्या तर पुन्हा संधी पुढच्या वर्षी, आणि तोवर त्या वर्गावर बाहेरून कुणीतरी येऊन बसलेलं असणार. म्हणजे बदलीबाईंना पुन्हा फोनशेजारी बसून इतरांच्या शिंका मोजायच्या.

त्यातून परीक्षक होते ते प्राध्यापक, ज्यांना विद्यार्थी मौनीबाबा म्हणत. वर्षभरात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. विनोद झाला की ते चष्मा काढून पुसत आणि विनोद विरून जाईपर्यंत घालत नसत.

पाठासाठी बदलीबाईंना वर्गही उसनाच घ्यावा लागला. तिसरीच्या बाई दिलदार, त्यांनी आपला तास दिला. विषय ठरला ‘मी लहानपणी शाळेत कशी जायचे, कसा जायचो’. तीन मुलांच्या घरची माणसं येणार, आपापल्या भाषेत आपली गोष्ट सांगणार, आणि ती भाषा कळणारी मुलं इतरांना ती समजावून देणार. आराखडा असा बेतला होता, की मौनीबाबांना त्यात टाचणी टोचायलाही जागा मिळू नये.

बोलावणं करायला बदलीबाई स्वतः गेल्या. तिघंही एकाच इमारतीत राहणारे. एक होता ट्रकवाला, धिप्पाड, आवाज तळमजल्यापर्यंत पोचणारा, त्याची मुलगी या वर्गात. दुसरी एक आजी, घरी बसून कपडे शिवायची, तिचा नातू या वर्गात. तिसरी होती हॉटेलच्या धुलाईखात्यात काम करणारी एक आई, तिचा मुलगा या वर्गात. बदलीबाईंनी ठेवणीतले कपडे घातले, ठेवणीतला आवाज काढला आणि प्रत्येक दारात सांगितलं, “माझी परीक्षा आहे. मोठे साहेब बघायला येणार आहेत. तुम्ही आपल्या घरच्या भाषेत बोला हं, अजिबात संकोच करू नका.” तिघांनीही गंभीर होऊन माना डोलावल्या. ट्रकवाल्याने तर छातीवर हात ठेवला.

मग घरी रंगीत तालीम झाली. सोफ्यावर नवरा आणि सासूबाई मुलं होऊन बसले. नवऱ्याने सगळ्या प्रश्नांना बरोबर उत्तरं दिली, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. सासूबाईंनी लघवीला जायची परवानगी मागितली, शेजारच्या मुलाने म्हणजे त्यांच्याच लेकाने चिमटा काढल्याची तक्रार केली, आणि पाठ अर्ध्यावर असताना घंटा झाली म्हणून उठूनही गेल्या.

“आई, अहो, असं नसतं करायचं,” बदलीबाई म्हणाल्या.

“मुलं असंच करतात. मी चार वाढवलीत,” आतून उत्तर आलं.

“मी नव्या वर्गाच्या भिंतींना पिवळा रंग मागणार आहे,” बदलीबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या.

“बाजारात तुरी!” पुन्हा आतून आवाज आला. कान मात्र अजून शाबूत होते सासूबाईंचे.

परीक्षेच्या दिवशी मौनीबाबा वेळेआधी येऊन मागच्या बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले होते, पण चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती. तिन्ही पाहुणे आले तेव्हा बदलीबाईंना पहिली शंका आली. ट्रकवाल्याने टाय बांधला होता. टाय बहुधा कुणाकडून तरी मागून आणलेला असावा, कारण तो पोटाच्या वरच संपत होता. आजीने केस चापून बसवले होते. धुलाईवाल्या आईचे ओठ एकसारखे हलत होते, परीक्षेआधी मुलांचे हलतात तसे.

आधी आजी उठली. हात बांधून, नजर समोरच्या भिंतीवर रोवून तिने सुरुवात केली, “मी लहान असताना माझी शाळा फार सुंदर होती. शाळेभोवती विविध प्रकारची झाडे होती.”

शाळेच्या भाषेत. स्वच्छ, खणखणीत, पुस्तकातल्यासारखं. बदलीबाईंना वाटलं, ही प्रस्तावना असेल, आता वळेल स्वतःच्या भाषेकडे. पण आजी काही वळेना. तिने झाडं सांगितली, पक्षी सांगितले, शिस्तीचं महत्त्व सांगितलं, आणि एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा कष्टाने वर काढत शेवटी “धन्यवाद” म्हणून खाली बसली. कपाळावर घाम होता आणि चेहरा आनंदाने फुललेला. समोर तिचा नातू ओठांनी सगळं बरोबरीने म्हणत होता.

तेव्हा कुठे बदलीबाईंच्या डोक्यात उजेड पडला. या तिघांनी बाईंच्या परीक्षेसाठी शाळेची भाषा पाठ केली होती! ‘घरच्या भाषेत बोला’ हे त्यांना बाईंचं सौजन्य वाटलं असणार. पाहुणा ‘काही करू नका’ म्हणतो म्हणून कुणी चहा ठेवायचा राहतो का? बाईंची परीक्षा, मोठे साहेब, आणि आपण आपल्या घरच्या बोलीत बोलून त्यांचं नाक कापायचं? छे! रोज संध्याकाळी दमून आल्यावर या माणसांनी पोरांसमोर बसून घोकलं होतं. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती, अशी बाईंची गत झाली.

काय करावं? ‘नको, नको, आपल्या भाषेत बोला’ असं म्हणावं, तर मुलांदेखत त्यांची मेहनत मातीत घालायची. न म्हणावं, तर नापास. मौनीबाबा घड्याळ बघत होते. बदलीबाईंनी आजीकडे पाहिलं, तिच्या त्या फुललेल्या चेहऱ्याकडे, आणि त्यांच्या तोंडून वेगळं काही निघेचना. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, कारण त्यांना खरोखरच भरून आलं होतं, आणि वर्ग गेला तर गेला असंही त्या क्षणी वाटून गेलं.

मग ट्रकवाला उठला. टाय सरळ केला. “सन्माननीय परीक्षक महोदय, वंदनीय बाई आणि माझ्या बालमित्रांनो!” खिडकीची तावदानं हलली. “माझी शाळा नदीच्या पलीकडे होती. मी रोज पुलावरून... मी रोज पुलावरून...”

गाडी रुतली.

“आधी नदीचं वर्णन,” पहिल्या बाकावरून त्याची मुलगी कुजबुजली.

“पुलावरून...” तो पुन्हा म्हणाला.

“बाबा, पूल नंतर! आधी नदीचं पाणी निळेशार!”

ट्रकवाल्याचा चेहरा लाल झाला. त्याने मुलीकडे वळून आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. तिने त्याच भाषेत उलट उत्तर दिलं. तो हातवारे करून बोलला, ती बाकावर उभी राहून बोलली. बाप-लेकीचं कडाक्याचं भांडण भर परीक्षेत सुरू झालं आणि वर्ग श्वास रोखून बघू लागला.

इथे कुठलीही शिक्षिका ‘शांत बसा!’ म्हणाली असती. बदलीबाईंच्याही ओठांवर ते आलं होतं. तेवढ्यात मागे बसलेल्या एका गुबगुबीत पोराला हसू आवरेना, त्यांनी ते पाहिलं. त्याच्या घरीही हीच भाषा. बाईंचे शब्द ओठांतच फिरले.

“काय म्हणतायत रे ते?” त्यांनी विचारलं. “मला कळत नाहीये. कुणी सांगेल का?”

“बाई, ते म्हणतायत, कालपर्यंत पूल आधी होता, तू आज सकाळी नदी आधी केलीस!” पोरगा ओरडला. “आणि ती म्हणतेय, नदीच नसेल तर पूल कशाला? आणि ते म्हणतायत, मला ट्रक न्यायचाय, मला पूलच आधी लागतो!”

वर्ग खदखदून हसला. ट्रकवाला दचकला आणि गप्प झाला. आपण कुठल्या भाषेत बोललो हे आता त्याच्या लक्षात आलं, आणि एवढा मोठा माणूस शिक्षा झाल्यासारखा खाली बघू लागला.

“थांबू नका,” बदलीबाई म्हणाल्या. आराखडा त्यांनी टेबलावर पालथा घातला. “मला सांगा, तुम्हाला शिकवलं कुणी? कसं शिकवलं? अगदी आत्ता भांडलात ना, तस्संच सांगा.”

त्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने परवानगी दिल्यासारखी मान हलवली. आणि मग ट्रकवाला आपल्या भाषेत सुटला. पोरीने त्याला फ्रिजशेजारी उभं केलं. चुकलं की पहिल्यापासून. जेवण समोर ठेवलंय, पण परिच्छेद झाल्याशिवाय घास नाही. हे सगळं तो अभिनयासकट सांगत होता, आणि गुबगुबीत पोरगा आणि ती मुलगी आळीपाळीने इतरांना सांगत होती. मधेच दोघांची एका वाक्यावरून जुंपली, तर वर्गाने दोन्ही अर्थ ऐकून घेतले आणि हात वर करून निकाल दिला.

आजीला आता दम निघेना. ती उठून पुढेच आली आणि तिच्या भाषेत, नातवाकडे बोट दाखवत, भडाभडा बोलू लागली. कान पिळून दाखवला, चष्मा काढून पाठीमागे लपवून दाखवला, बारीक आवाज काढून कुणाची तरी नक्कल केली. बोलून दम लागला तेव्हा थांबली.

ही भाषा वर्गात एकट्या नातवालाच येत होती. तो उभा राहिला. “आजी म्हणते,” तो म्हणाला, “माझा नातू फार हुशार आहे.”

“एवढं लांब बोलली आणि एवढंच?” कुणीतरी ओरडलं.

“आमच्या भाषेत शब्द मोठे असतात.”

“मग चष्मा कुठे गेला?”

वर्ग ऐकेना. शेवटी नातवाने कबूल केलं, की पाठ म्हणून दाखवल्याशिवाय तो आजीला चष्मा देत नव्हता, आणि चष्म्याशिवाय आजीला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि म्हणून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली गेली. आजीला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण ‘आता खरं बोलला’ असं तिने मानेनेच सांगितलं. मागच्या बाकावर मौनीबाबांनी चष्मा काढला आणि पुसू लागले.

राहिली धुलाईवाली आई. ती उठली, मुलाशी तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मुलगा म्हणाला, “बाई, आई विचारते, पाठ केलेलं म्हणू की खरं सांगू? पाठ केलेलं मी लिहिलंय. त्यात आईच्या शाळेत कारंजं आहे.”

“आणि खरं?”

“खरं मलाही माहीत नाही.”

“मग खरंच सांगू दे,” बदलीबाई म्हणाल्या. “आपण दोघंही पहिल्यांदा ऐकू.”

ती हळूहळू सांगू लागली, आणि तिची भाषा जाणणारी पोरं वाक्यावाक्याला इतरांना सांगू लागली. शाळेत जायचं, तर धाकटा भाऊ कडेवर असायचा, कारण आई कामावर. बाळ रडायचं, म्हणून ती खिडकीबाहेर उभी राहून शिकायची. एक दिवस गुरुजींनी तिला आत बोलावलं आणि बाळाचंही नाव हजेरीपटात घातलं. आता बाळ विद्यार्थी झालं, त्याला बाहेर कोण काढणार? रोज हजेरी व्हायची, गुरुजी बाळाचं नाव घ्यायचे आणि त्याच्या वतीने तीच ‘हजर’ म्हणायची. असं करत ती चार इयत्ता शिकली.

तिचा मुलगा भाषांतर करायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला होता. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

“बाळ पास झालं का?” मौनीबाबांनी विचारलं.

चारपाच पोरांनी एकदम तो प्रश्न तिच्या भाषेत केला. ती हसली, तोंडावर हात घेऊन काहीतरी म्हणाली.

“नापास!” पोरं किंचाळली. “परीक्षेच्या वेळी झोपलं होतं!”

मौनीबाबा हसले. चांगले खांदे हलवून हसले, त्यात गुडघा बाकात अडकला आणि मुलांनी मिळून तो सोडवला.

घंटा झाल्यावर मुलं-पाहुणे बाहेर गेले. बदलीबाई पालथा आराखडा हातात धरून उभ्या राहिल्या. मौनीबाबा पुढे आले.

“यातलं काय झालं?” त्यांनी आराखड्याकडे बघत विचारलं.

“काहीच नाही, सर,” बदलीबाई म्हणाल्या. “सुरुवातीचा वेळ शाळेच्या भाषेत गेला. पण मला त्यांना थांबवता आलं नसतं. पुन्हा वेळ आली तरी मी थांबवणार नाही.”

“बोलावायला गेलात तेव्हा काय म्हणाला होतात?”

बदलीबाईंनी ठेवणीतल्या आवाजासकट सांगितलं. मौनीबाबांनी मान हलवली. “परीक्षा म्हटलंत, साहेब म्हटलंत, आणि मग घरच्या भाषेत बोला म्हटलंत. कोण बोलेल? पुढच्या वेळी साधे कपडे घालून जा, त्यांच्याकडे पाणी मागा, थोडं बसा.” ते दारापर्यंत गेले आणि थांबले. “घड्याळ मी बघत होतो. अर्ध्याहून जास्त वेळ घरच्या भाषा चालल्या होत्या. पास आहात. खरं तर गेल्या काही वर्षांत मी इतका पास पाठ पाहिला नाही.”

ते गेले. बदलीबाईंनी आराखड्याची घडी घातली. घोडं गंगेत न्हालं होतं आणि आजूबाजूला सांगायला कुणी नव्हतं. डोळे पुसून त्या बाहेर आल्या.

तिघं पाहुणे जिन्यापाशी घोळका करून उभे होते, गुन्हा केल्यासारखे. ट्रकवाल्याने टाय सोडून मुठीत धरला होता. त्याने पुढे होऊन शाळेच्या भाषेत, तुटक तुटक बोलायला सुरुवात केली. हे मात्र पाठ केलेलं नव्हतं.

“बाई, साहेबांना सांगा. चूक आमची. पहिली माझी. भरपूर पाठ केलं होतं. पण ऐनवेळी आमची भाषा तोंडात आली.” त्याचा एवढा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “तुमचं नुकसान झालं. माफ करा.”

आजीने नातवाचा हात घट्ट धरला होता. धुलाईवाली आई मान खाली घालून उभी होती.

बदलीबाईंना हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं आणि तोंडाशी दोघांची गर्दी झाली. “अहो,” शेवटी त्या कशाबशा म्हणाल्या, “त्याचेच तर मार्क होते! तुमच्या भाषेचेच! मी पास झाले!”

पोरांनी तीन भाषांत आरडाओरडा करून हे सांगितलं. आजीने आधी ते नीट ऐकून घेतलं, मग बाईंना मिठी मारली आणि मिठी न सोडताच त्यांना बराच वेळ रागावली.

“आजी म्हणते,” नातू या वेळी एक शब्दही न गाळता म्हणाला, “हे आधी का नाही सांगितलं? आमची झोप उडाली होती. तुम्ही शिक्षिका आहात की कोण?”

“आणि आम्ही एवढं पाठ केलं, ते फुकट गेलं?” ट्रकवाल्याने विचारलं. नदी, पूल, निळंशार पाणी, सगळं अजून त्याच्या पोटात तसंच अडकलेलं होतं.

“फुकट कसं जाईल?” बदलीबाई म्हणाल्या. “सगळं लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी या आणि म्हणून दाखवा, पूल आधी घेऊन. माझ्या वर्गात.”

आणि त्या थबकल्या, कारण हे दोन शब्द आजवर त्यांनी कधी मोठ्याने उच्चारले नव्हते. म्हणून मग त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटले.